रेल्वेमावशींचा मधला डबा

लग्नात बायका नवरीची साडी बघत, तेव्हा रेल्वेमावशी तिच्या हाराचा फासा बघत. कुठलीही वस्तू हाती आली की त्यांचा प्रश्न ठरलेला : "हे अडकतं कशात?" कुकरचं झाकण असो, नाहीतर आमच्या गॅलरीची कडी.

रेल्वेत त्यांनी कधी नोकरी केली नव्हती. अंबरनाथच्या एका औषध कारखान्यात त्या पॅकिंगला होत्या. निवृत्त झाल्यावर अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या इमारतीत, माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये, त्यांनी हॉलभर रूळ अंथरले आणि त्यावर तळहाताएवढ्या डब्यांच्या गाड्या सोडल्या. सोफा गॅलरीत गेला. आल्यागेल्याला म्हणत, "जयभीम, या. पाय उचलून हं, मधे घाट आहे."

रविवारी उल्हासनगरहून दादा येत. प्लॅस्टिकच्या बरण्यांचं दुकान असलेले हे सिंधी गृहस्थ, त्यांनाही हाच नाद. खोक्यातून ते आपले डबे आणत आणि दोघांची मिळून एकच लांबलचक गाडी फिरे.

मग मावशींनी कपलर बदलले. कपलर म्हणजे दोन डब्यांना जोडणारा तुकडा. जुने म्हणजे प्लॅस्टिकचे मोठे आकडे. नवे धातूचे, अर्धवट मिटलेल्या मुठीसारखे. त्यांच्यामुळे डबे अगदी जवळ येतात आणि रुळाखालच्या चुंबकावर आपोआप सुटतात. चिमट्याने एकेक बसवताना मावशी श्वास रोखून धरत. जुने आकडे त्यांनी टाकले नाहीत. काही पडद्यांना लागले, एक माझ्या पर्सच्या तुटक्या चेनला.

रविवारी दादांचा डबा मावशींच्या डब्याला लागेना. आकडा मुठीत शिरेचना.

"तुमचेही बदलून देते," मावशी म्हणाल्या.

दादांनी डबे खोक्यात भरले. "नको ताई. ये मेरे बेटे ने लगाए थे."

दादांचा मुलगा गेल्याचं मावशींना ठाऊक होतं, हे नव्हतं. पुढचे काही रविवार दादा आले नाहीत. मावशी जेवतानाही समोर एक मालडबा ठेवून त्याच्याकडे टक लावून बघत. एके सकाळी माझं दार वाजलं. "तुझी पर्स दे. पडद्यांचे आकडे वाकलेत, तुझा काढायचाय."

तो आकडा त्यांनी त्या मालडब्याच्या एका टोकाला परत बसवला. दुसऱ्या टोकाला नवी मूठ तशीच ठेवली. उंची जुळेना, तर कानशीने घासत बसल्या. दुपारी रिक्षा करून आम्ही दोघी उल्हासनगरला गेलो. दुकानाच्या काउंटरवर, बरण्या सरकवून, मावशींनी हातभर रूळ मांडला. दादांनी आतून आपला डबा आणला. टक्. जुळला. दादा बोटाने डबे पुढे-मागे ढकलत राहिले. गिऱ्हाईक ताटकळलं होतं.

"रविवारी या," मावशी म्हणाल्या. "इंजिन तुमचं आणा, माझं तापतंय."

त्यानंतर दादांचा रविवार चुकला नाही.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. त्यांच्या लेकीने सगळा पसारा बदलापूरला, कुळगावातल्या मुलांच्या वाचनालयाला दिला. रविवारी दादाच तिथे जाऊन गाडी चालवतात. परवा मीही गेले होते. एका मुलीने मालडबा उचलून उलटसुलट केला आणि विचारलं, "आजोबा, ह्याची दोन टोकं वेगवेगळी का?"

दादांनी डबा हातात घेतला. "ह्या बाजूला ताई," ते म्हणाले, "और इधर मेरा बेटा."

मग त्यांनी तो रुळावर ठेवला आणि गाडी सोडली.