हवालदारांच्या मिशीची परदेशयात्रा

फौजी माणूस लढाईवरून घरी येतो तेव्हा ट्रंकेत दोनच गोष्टी आणतो. ब्लँकेट आणि बाता. आमच्याकडच्या ब्लँकेटला वर्षभरात कसर लागली. बाता मात्र वाढत गेल्या, इतक्या की ओट्यावर बसायला जागा पुरेना!

बाता मारणारे आमचे हे. फौजेत हवालदार, लॉरी चालवायचे. चार वर्षं बाहेर, त्यातली दोन इटलीत. लढाई संपली, हे साताऱ्याला परत आले, आणि रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर सुटून आलेल्या फौजी लोकांची बैठक बसायला लागली. चहा मी करायची, म्हणून किस्से मला फुकट.

मी वडूजकडची. ह्यांच्या घरची मेंढरं आजोबांच्या काळातच सुटली, आमच्या घरी अजून होती. साताऱ्यात राहून माझी बोली सुधारली म्हणतात, पण चिडले की वडूज बाहेर पडतं. ह्यांचं नाव मात्र कितीही चिडले तरी तोंडातून पडत नाही. इथंही पडणार नाही, शोधत बसू नका.

ह्यांची इटली ठरलेली होती. रात्री शहरात बँड आणि नाच, दिवसा दोर लावून डोंगर चढायचा, मग तंबूत मुक्काम. लढाई कधी करायचे कोण जाणे! नाचात एक रोझा असायची. "रोझा म्हनली, हवालदार, कम!" इथं ओट्यावर हशा व्हायचा आणि आत माझ्या हातातली कपबशी वाजायची.

बैठकीत एक सुभेदार होते, ब्रह्मदेशातून आलेले. त्यांच्या वाट्याला नाच नव्हता, जळवा होत्या. एक दिवस त्यांचा धीर सुटला.

"हवालदार, बास झाली तुजी रोझा! बायकूला तरी दावलास का कवा डोंगर चढून?"

"दावतो की! नाच, डोंगर, तंबू, समदं दावतो. आन् तेबी परदेशात!"

"इटलीला जातूस व्हय रं?"

"गोव्याला. पोर्तुगीजाचं राज हाय तितं. परदेश न्हाई तर काय?"

झालं, पैज लागली. परत आल्यावर मी साक्ष द्यायची. एकही गोष्ट खोटी निघाली तर भर ओट्यावर न्हावी बोलवून ह्यांची मिशी उतरवायची. सुभेदारांनी फौजेच्या जुन्या मालाच्या डिस्पोजलमधून एक जीप घेतली होती, ती त्यांना चालवता येत नव्हती. जीप त्यांची, हात ह्यांचे.

मला कुणी विचारलंच नाही. मिशी राहो नाहीतर जावो, मला काय त्याचं! मला फक्त ती रोझा कोण ते कळायला हवं होतं. चार वर्षं ह्यांच्या पत्रात 'सर्व खुशाल' एवढंच असायचं. इतका खुशाल माणूस घरापासून लांब काय करतो, हा विचार मी चार वर्षं जात्यावर दळत होते.

*

पहिला मुक्काम सांगलीला, माझ्या आत्याकडं. पेट्रोल रेशनवर होतं आणि आत्याच्या मालकांनी कुपनांची सोय करून ठेवली होती.

परदेशी निघालो म्हणताच आत्यानं गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. गल्ली गोळा झाली.

"पोरी, समुद्र वलांडनार का गं?"

"नाही आत्या, नाका ओलांडणार."

आत्यानं लगेच डोळे पुसले. "मग एवडं रडायचं काय कारन न्हवतं," म्हणाली आणि भाकरी बडवायला बसली. तिकडच्या पावाचं पीठ ताडी घालून फुगवतात असं तिच्या कानावर आलं होतं. म्हणून तिनं साठ भाकरी बांधून दिल्या. गोव्यापर्यंत जीपमध्ये मी कमी आणि भाकरी जास्त होत्या.

*

आंबोलीला तंबू मारायचा ठरलं. दसरा होऊन गेला होता, हवेत चांगलाच गारठा होता. ह्यांनी मिशीवर हात फिरवला. "बघ आता! इटलीत चार मिंटात हुबा करायचो."

चार मिनिटं झाली. मग तास झाला. तंबू उभा राहायचा, ह्यांनी सॅल्यूट केला की झोपायचा! एकदा तर हे आत असतानाच झोपला. आतून आवाज आला, "ह्यो विंग्रजी तंबू हाय. इटलीतला येगळा आसतो."

मी घोंगडं घेतलं, चार काठ्या तोडल्या, दोरी ताणली. भाजी शिजेपर्यंत पाल उभं. आमच्या माहेरी मेंढरांमागं आठ-आठ महिने हेच करतात, पोरंसोरं, कोंबड्या, सगळं घेऊन. त्याला कँपिंग म्हणत नाहीत, बिऱ्हाड म्हणतात.

पालात निजताना हळूच विचारलं, "इटलीत तंबू कोन मारायचं?"

"आमी लॉरीत झोपायचो," हे म्हणाले आणि घोरायला लागले. खरे घोरत होते का, ते अजून कळलेलं नाही.

*

मग आला नाका. एक गोरा पोर्तुगीज शिपाई, आणि त्याचं बोलणं समजावून सांगायला एक कोकणी कारकून. दिवस गडबडीचे होते, येणाऱ्याजाणाऱ्यावर संशय. त्यांनी ह्यांना एका खोलीत नेलं, मला दुसऱ्या. दोघांचं सांगणं जुळतंय का बघायचं होतं.

कारकून म्हणाला, "घोवाचें नांव सांग."

मी पदर डोक्यावर ओढला.

"नांव!"

"आमच्यात घेत न्हाईत."

कारकुनानं ते शिपायाला सांगितलं. शिपायाचे डोळे बारीक झाले. बाईला नवऱ्याचं नाव माहीत नाही, म्हणजे हा नवराच नव्हे! माणसानं बाई पळवून आणली! पलीकडच्या खोलीत ह्यांच्यावर आरडाओरडा सुरू झालेला मला ऐकू आला.

"साधं घेत न्हाई," मी म्हटलं. "उखाण्यात घेते." आणि उभी राहिले.

"गोऱ्या शिपायाच्या कमरेला चामड्याचा पट्टा,
अमुकरावांनी केली माझी परमुलखात थट्टा!"

अमुकच्या जागी खरं नाव घेतलं बरं का. ते परदेशात घेतलं, तिथंच ठेवून आले. कारकून इतका खूष झाला की त्यानं शिपायाला अर्थ सांगितला. शिपायानं आपला पट्टा बघितला. मग त्यानं बाहेरच्या आणखी दोघांना बोलावून मला परत म्हणायला लावलं! तीनदा उखाणा घेतला तेव्हा नवरा ताब्यात मिळाला.

*

पणजीत रात्रीच्या वेळी एका खानावळीत बँड वाजत होता. बायका-माणसं हातात हात घालून नाचत होती. म्हटलं, आता दिसणार इटली!

खानावळीची मालकीण, धिप्पाड बाई, हसत आली आणि तिनं सरळ ह्यांचा हात धरला. ह्यांचे कान लालभडक. मधोमध नेऊन सोडलं तसे हे ताठ झाले, आणि चालू! लेफ्ट राईट, लेफ्ट राईट, अबाऊट टर्न! नाचणारी मंडळी भिंतीला लागली. बँडवालेही बेरकी, त्यांनी कवायतीचा ताल धरला. शेवटी ह्यांनी बाईला खाडकन सॅल्यूट ठोकला.

मग ती बाई माझ्याकडं वळली. मला काय येतंय? मी कासोटा आवळला, तिचे दोन्ही हात धरले आणि फुगडी घातली. बाई वजनदार, पण फिरली! टाळ्या थांबेनात.

बाहेर आल्यावर विचारलं, "रोझाबरूबर आसंच नाचत व्हतासा?"

"तितं जागा मोटी हुती," हे म्हणाले. आवं, जागंचं इचारलं का मी? रागानं त्या रात्री मी आत्याच्या चार भाकरी खाल्ल्या.

*

साताऱ्याला परतल्यावर काय झालं ते आधीच सांगून टाकते. ओट्यावर सगळी बैठक जमलेली, न्हावी वस्तऱ्याला धार लावून तयार. सुभेदार म्हणाले, "बोला वैनी. नाचला का?"

"नाचले."

"तंबूत ऱ्हायला का?"

"राहिले." आत तर होतेच की, तंबू अंगावर असला म्हणून काय!

"आन् डोंगर? चढला का?"

"चढले," मी म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले. न्हाव्यानं धोपटी गुंडाळली. सुभेदार मरेपर्यंत म्हणायचे, "वैनी, तुमी कायतरी गाळलंय." गाळलं होतं. हे ते.

*

येताना परत आंबोली. डोंगर तेवढा राहिला होता. सकाळी एक कडा बघून ह्यांनी जीप ओढायचा दोर खांद्यावर टाकला. "तू बस हितंच. वर गेलो की हाळी देतो." आणि गेले.

थोड्या वेळानं धुकं उतरलं. हाताचा पंजा दिसेना. वरून दगड घरंगळत आले, पाठोपाठ काहीतरी जड घसरल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही.

मी ओरडले, "आवं!"

"काय गं?" उजवीकडून आलं. "काय गं?" खालून आलं. डावीकडूनही आलं, वरूनही आल्यासारखं वाटलं! धावत गेले तर उजवीकडं एक लाकूडतोड्या. खाली दुसरा. परत "आवं!" म्हटलं, परत चहूकडून "काय गं?" दरीत आवाज घुमत होता, त्यातला माझा कुठला ते कळेना.

म्हातारा लाकूडतोड्या म्हणाला, "बाय, आमच्या बायकाबी आमाला आशीच हाक मारत्यात. नाव घिऊन बोलव. मग ज्याचं त्यो वळकंल."

मी पदर तोंडाशी धरला. लग्नाला दहा वर्षं झाली होती. मग पदर सोडला आणि सगळा जीव गोळा करून नाव घेतलं. उखाणा नाही, राव नाही, नुसतं नाव!

डोंगर गप्प झाला. कुणीच 'काय गं' म्हणेना. दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा घेताना रडूच फुटलं. चार वर्षं तोफांच्या तोंडी राहून आलेला माणूस मी एका पैजेपायी कड्यावर घालवला, असं वाटलं. रोझा असली तर असू दे, पण हे हवेत, असंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

कासोटा मारला, चपला फेकल्या आणि चढले. शेळ्यांमागं लहानपण गेलेलं, पाय आपोआप जागा शोधत होते. दोन पुरुष उंचीवर एका खडकाच्या कडेला हे बसलेले. दोर खाली पडलेला, झुडपाचं मूळ दोन्ही हातांत, मिशीत माती. पण धडधाकट!

मी तिथंच खाली बसले. आधी रडले, मग वडूज बाहेर पडलं.

"आवं, जीव ग्येला हुता माजा! हाका ऐकू आल्या न्हाईत?"

"तुजी आली की. दोनदा ओ दिली. मग तू गप झालीस."

"आन् मंग?"

"मंग कोन तरी बाई नवऱ्याला बोलवाय लागली. लय काकुळतीला आलती बिचारी. माज्याच नावाचा हुता गडी."

"मग तवा का न्हाई ओ दिली?"

ह्यांनी मिशीतली माती झटकली.

"दुसऱ्याच्या बायकूला मी कशी ओ दिऊ?"