चलानाचा मेसेज पुण्याला

गाडी पुण्यात घेतली तेव्हा कागदपत्रांवर बाबांचा मोबाइल नंबर दिला होता. पुढे गाडी माझ्याबरोबर दिल्लीला आली, नंबर मात्र तोच राहिला. त्यामुळे द्वारकेच्या रस्त्यावर कॅमेऱ्याने मला पकडलं की चलानाचा मेसेज थेट पुण्याला जायचा. मी ऑफिसात मीटिंगमध्ये असायचो आणि बाबा फोनवर विचारायचे, "एवढी कसली घाई होती?" पन्नाशीला आलेला मी, सगळ्या टीमसमोर "हो बाबा, चुकलं" म्हणायचो. दंड मी मुकाट भरत होतो. ही उलटतपासणी कुठल्या कलमात बसते? शेवटी वैतागून कागदपत्रांवर माझा नंबर घालून घेतला.

महिनाभर शांतता होती. मग ऐन मीटिंगमध्ये बाबांचा फोन आला, "बरेच दिवस मेसेज नाही. गाडी बंद पडली का?"