मागे कोण बसणार?

मशीनमनकाकांनी मोटरसायकल विकायला काढली, तेव्हा गल्लीत कुणाचा विश्वासच बसेना. छापखान्यात मशीन चालवण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून काका एक तर जेवत असत, नाही तर गाडी पुसत असत. लांब पल्ल्याची ती जुनी, भारदस्त गाडी. तिच्यावर बसून दोघा नवराबायकोंनी घाट न् घाट पालथा घातला होता, आणि अजूनही तिच्या टाकीत बघून भांग पाडता यायचा. "माझ्याकडे कधी इतकं निरखून बघितलं नाहीत," असं काकू आल्यागेल्यासमोर ऐकवायच्या.

"गुडघे दुखतात, म्हणून विकतोय," काका सांगत. शुद्ध थाप! गुडघे ठणठणीत होते, गेले होते ते कान. जन्म छपाईयंत्राच्या धडधडीत गेला, त्यात कान कधी गेले हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. तरीही पुढे कित्येक वर्षं ते गाडी चालवत राहिले, ते काकूंच्या बोटांवर. मागून ट्रक आला की उजव्या खांद्यावर टकटक. वळणापलीकडे हॉर्न वाजला की कमरेला चिमटा. इंजिनाचा सूर बिघडला की तो कसा बिघडलाय, हे काकू पाठीवर ताल धरून दाखवायच्या. आणि रस्ता मोकळा असला की अख्खा तळवा पाठीवर टेकायच्या. गेल्या वर्षी काकूंचं खुब्याचं हाड मोडलं, आणि मागची सीट रिकामी झाली. आता काकांना रस्ता ऐकवणार कोण?

गिऱ्हाइकं येऊ लागली. काका प्रत्येकाला आधी एकच विचारत, "मागे कोण बसणार?" आणि उत्तरासाठी त्याच्या ओठांकडे टक लावून बघत. "कुणी नाही, मी एकटाच फिरतो," असं कुणी म्हटलं की काका गाडीत नसलेले दोषसुद्धा काढून दाखवत. एका हॉटेलवाल्याला ती दारात शोभेला ठेवायची होती. त्याला तर पाणीही विचारलं नाही.

"अहो, गाडी विकायचीय की गंज चढेपर्यंत ठेवायचीय?" काकू त्यांच्या कानाशी ओरडल्या.

"बघतोय ना मी!"

शेवटी गुरांची डॉक्टरीण आली. गावोगाव हिंडणारी, बोलण्यात घाईची. काकांनी तिलाही तेच विचारलं.

"आई बसते हो काका. नुसतं डोकं खाते. हळू चालव, ट्रक आला, खड्डा बघ... वाटभर तोंडाचा पट्टा चालू!"

ती इतकं भरभर बोलली, की काकांना ओठ वाचता येईनात. काकूंनी सगळं कानाशी ओरडून सांगितलं. काकांनी खिशातून किल्ली काढली आणि सरळ तिच्या हातावर ठेवली. भाव अजून ठरायचा होता! काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

"आईवर चिडू नकोस," काका म्हणाले. "ती सांगते ते ऐकत जा."

व्यवहार झाला आणि डॉक्टरीण गाडी घेऊन निघाली. काका फाटकाशी उभे होते. गाडी कोपऱ्यावरून वळली, आणि त्यांच्यापुरती ती तिथेच संपली. त्यांना फार एकटं वाटलं.

तेवढ्यात काकू काठी टेकत मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना अजून ऐकू येत होतं. त्यांनी काकांच्या पाठीवर बोटांनी ताल धरला. गिअर बदलला तसा ताल बदलला, चढावर जड झाला, मग हलका होत होत गेला. काका मान न वळवता उभे होते, डोळ्यांतलं पाणीही त्यांनी पुसलं नाही.

बोटं थांबली. मग काकूंनी अख्खा तळवा त्यांच्या पाठीवर टेकला, आणि तो तिथेच राहू दिला.