दसऱ्याला थांबलेला सर्व्हर

मीनाकाठ शेतकरी कंपनीत सोनलला सगळे ‘सर्व्हरवाली’ म्हणतात. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भात-नाचणीच्या वाडीत वाढलेली ही मुलगी नारायणगावात आली ती खरं तर पावत्या टाइप करायला. पुढे कंपनीने टोमॅटोच्या गाड्यांसाठी मोबाइलवर नंबर द्यायची सोय केली. शेतकऱ्याने घरूनच नंबर घ्यायचा आणि आपल्या वेळेला येऊन क्रेट उतरवायचे. ही सोय ज्या सर्व्हरवर चालते तो सांभाळायला पुण्याचा एक माणूस महिन्यातून एकदा यायचा. त्याने काम करायचं आणि सोनलने त्याच्या मागे उभं राहून बघायचं, असं वर्षभर चाललं. वर्षाच्या शेवटी काम सोनल करू लागली आणि तो माणूस नुसता चहा पिऊन जाऊ लागला.

सर्व्हरवर टॉमकॅट नावाचा जावाचा प्रोग्रॅम चालतो. नाव मांजराचं आणि काम बैलाचं. सोनल तो संचालकांना बाजाराच्या भाषेत समजावून सांगायची. “आबा, सर्व्हर म्हंजे मार्केट. त्यात परतेक प्रोग्रॅमला आपला गाळा असतो, त्याला पोर्ट म्हनायचं. आपला प्रोग्रॅम आठ हजार ऐंशी नंबरच्या गाळ्यात बसतो.” अध्यक्ष सावळेराम आबांना एवढं पुरायचं. गाळ्यांचं राजकारण त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

सीझन सुरू झाला की सर्व्हर बंद करायचा नाही, हा कंपनीचा न लिहिलेला नियम. वीज गेली तर इन्व्हर्टर, तो दमला तर जनरेटर. अशी सहा महिने ती पेटी अखंड घरघरत राहिली.

आणि दसरा आला. खरेदीला सुट्टी होती, म्हणून सोनल सणाला वाडीवर गेली. ऑफिसात होते कुशाबा. हे लोणीचे, साठी ओलांडलेले, कंपनी स्थापन झाली त्या दिवसापासूनचे शिपाई. हत्याराला वर्षातून एक दिवस तरी विसावा द्यावा, ही त्यांची घरातून आलेली शिस्त. नांगर असो, वजनकाटा असो की प्रिंटर, दसऱ्याला चालू मशिनीची पूजा त्यांना पटत नसे. सर्व्हर तर सोनलच्या हाती आल्यापासून पहिलाच दसरा बघत होता. कुशाबांनी बटण दाबून तो बंद केला, पुसला, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, फुलाने पाण्याचे दोन थेंब शिंपडले. संध्याकाळी परत बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. कुशाबा समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकाही मोबाइलवर नंबर येईना. नंबर नाही म्हटल्यावर ज्याला त्याला पहिलं यायचं होतं. डिंभ्याची बस नेहमीप्रमाणे उशिरा आली, आणि सोनल पोचली तेव्हा पिकअपची रांग पार हायवेला लागली होती. ऑफिसात संचालक जमलेले, आणि सर्व्हरच्या गळ्यात अजून झेंडूची माळ.

“पानी गेलं आत, दुसरं काय!” सावळेराम आबा गरजले. “कुशाबा, मशीन म्हंजे काय बैल हाय व्हय, आंघोळ घालायला? लई झालं. उद्यापासून तुमी घरीच बसा.”

कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून कुशाबांनी टेबलावर ठेवला. “सोनलबाय, माजं चुकलं आसंल तर पोटात घाल,” एवढंच म्हणाले आणि बाहेर पडले.

सोनलला वाईट वाटलं, पण आधी काम. तिने बघितलं तर टॉमकॅट चालू दिसत होता, फक्त नंबर द्यायचं पान उघडत नव्हतं. मग तिने लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी, त्यात तो आपलं दुखणं स्वतः लिहून ठेवतो. तिथे लिहिलं होतं की आठ हजार नव्वद नंबरचा गाळा दुसऱ्याच कुणीतरी धरलेला आहे. नव्वद? आपला तर ऐंशी! तिने सेटिंगची फाइल उघडली. फाइलमध्ये नव्वदच होतं. आणि शेजारी टीप होती: ‘बदल – सोनल, अक्षय तृतीया.’

तिला सगळं आठवलं. तेव्हा त्या पुण्याच्या माणसाने फोनवर गाळा बदलायला सांगितला होता. तिने फाइलमध्ये आकडा बदलला, पण टॉमकॅट ही फाइल फक्त सुरू होताना वाचतो. सवडीने बंद-चालू करू म्हणता म्हणता सीझन लागला आणि ती गोष्ट विसरली. श्रावणात कॅमेऱ्यांचा नवा प्रोग्रॅम आला आणि रिकामा बघून नव्वदमध्ये जाऊन बसला. सर्व्हर आपला सहा महिने जुन्या आठवणीवर चालत राहिला. कुशाबांनी तो बंद केला नसता तर ज्या दिवशी बंद पडला असता त्या दिवशी हेच झालं असतं.

तिने आकडा पुन्हा ऐंशी केला आणि टॉमकॅट बंद करून सुरू केला. दोन मिनिटांत बाहेर मोबाइल वाजू लागले आणि रांग हलली.

“वाळलं वाटतं पानी!” आबा म्हणाले आणि सगळे हसले.

झाकली मूठ सव्वा लाखाची. लॉग वाचणारं त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पुढच्या आठवड्यात संचालकांची बैठक होती आणि सर्व्हर पुण्याच्या कंपनीकडे सोपवायचा का, हाच त्यात विषय होता. इथे तोंड उघडलं तर वाडीवर जाऊन परत भात लावावा लागेल, अशी भीती तिला खरोखर वाटली. पण समोर टेबलावर किल्ल्या होत्या.

“आबा, पानी गेलंच नव्हतं. चूक माजी हाये,” ती म्हणाली, आणि अक्षय तृतीयेपासूनचं सगळं सांगितलं.

“हे तू सांगितलं नसतंस, तर आमाला कळलं असतं का?” आबांनी विचारलं.

“न्हाई.”

“मंग?”

“कुशाबातात्यांनी किल्ल्या ठेवल्यात ना.”

आबांनी मान खाली घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी आपणच दिली, हे त्यांना कळलं असावं. सोनल जुडगा उचलून रस्त्याकडे पळाली. लोणीची जीप अजून भरली नव्हती म्हणून कुशाबा सापडले, मागच्या सीटवर, मांडीवर टोपी घेऊन. तिने किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या आणि तिला रडू आलं. कुशाबा खाली उतरले.

बैठकीत पुण्याचा विषय आबांनीच गुंडाळला. “तिथला मानूस चुकला तर आपल्याला सांगंल का?” असं त्यांनी विचारलं आणि पुढचा विषय घेतला.

सोनलने एक नवा नियम केला. दर अमावास्येला गाडीवाले गाडीपुढे नारळ फोडतात, त्याच दिवशी सर्व्हरही बंद करून पुन्हा सुरू करायचा, म्हणजे फाइलमधली चूक सहा महिने दडून बसणार नाही. पहिली आली ती दिवाळीची अमावास्या. कुशाबा झेंडूची माळ घेऊन सर्व्हरपाशी उभे राहिले. हात बटणाकडे नेला आणि थांबले.

“सोनलबाय, आदी तुज्या फायलीत काय लिवलंयस ते वाच. मंग बंद करतो.”