नाव न छापलेली आजी

पत्रक कसं लिहायचं हे मला संघटनेत शिकवलं. एक माणूस घ्यायचा, त्याच्यावरचा एक अन्याय घ्यायचा, वर मोठ्या अक्षरात प्रश्न टाकायचा. रिक्षाच्या रांगेत उभ्याउभ्या वाचणाऱ्याला राग आला पाहिजे. मला ते जमतं. ज्या पत्रकाने माझ्या ताईचं संशोधन बुडवलं, तेही चांगलंच जमलं होतं.

ताई डॉक्टर. आम्ही डोंबिवलीचे, घरात सगळे नोकरदार. एमडी झाल्यावर तिने दवाखाना टाकावा नाहीतर मोठ्या हॉस्पिटलात लागावं, याच्या पलीकडे कोणी विचार केलेला नव्हता. तिने संशोधनाच्या प्रशिक्षणाला अर्ज केला. म्हातारपणी आठवण कोणाची जाते, कोणाची जात नाही, का, हे तिला शोधायचं होतं. कारण आमचे आजोबा. कल्याणला उतरायचं ते विठ्ठलवाडीला उतरायचे आणि ओळखीचं कोणी दिसेपर्यंत बाकावर बसून राहायचे. त्यांना दाखवायला नेलं तर डॉक्टर म्हणाले, "वय झालं की होतंच." ताई तेव्हा एमबीबीएसला होती. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "वय झालं हे काय निदान आहे?"

प्रशिक्षण तीन वर्षांचं. आठवड्यातले चार दिवस ठाण्यात पेशंट बघायचे, उरलेले दिवस संशोधन शिकायचं. खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायची, आणि वर्षभराने त्याच माणसांची पुन्हा. हे पुन्हा महत्त्वाचं. एकदा तपासलं तर आज कोण विसरतंय एवढंच कळतं. विसरणं कोणाचं वाढत चाललंय, हे कळायला तेच माणूस परत समोर बसावं लागतं.

पहिल्या फेरीत एक आजी आली. ताईने फॉर्म वाचून विचारलं, आज तारीख काय? माहीत नाही. साल कुठलं? आजी हसली. दोन्हीकडे शून्य. मग आजी आपणहून म्हणाली, "आज अष्टमी गो. भांगाचं पानी. जाल्यात काय गावनार नाय, म्हनून तर तुज्याकडं आले." भांग म्हणजे भरतीला जोर नसतो ते दिवस, हे ताईला तिथे कळलं. घरी येऊन तिने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. अष्टमीच होती.

"अगं, ती बरोबर होती आणि मी तिला आजारी ठरवत होते," ताई जेवताना म्हणाली. घास हातातच राहिलेला.

तिच्या मार्गदर्शक बाई कडक. "फॉर्मात आहे ते विचारा. उगाच आपलं डोकं लावू नका." ताईने हट्ट सोडला नाही. तिथी काय, भरती केव्हा, पुढे सण कोणता, असे प्रश्न तयार केले, ओट्याओट्यांवर बसून पडताळले, पहिली फेरी नव्याने केली. बाईंनी सगळे कागद वाचले आणि म्हणाल्या, "पेशंटचं उत्तर तपासायला तुला कॉलेजात शिकवलं. स्वतःचा प्रश्न तपासायला इथे शिकलीस." ते वाक्य ताईने आम्हाला तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा बाबांना झोपेतून उठवून.

त्याच सुमारास आमच्या संघटनेने मोहीम काढली. डॉक्टरांना संशोधन शिकायच्या जागा वाढवा, मानधन वेळेवर द्या, म्हाताऱ्यांचे आजार 'वय झालं' म्हणून झटकू नका. मागणी बरोबर होती, आजही आहे. पत्रक मी लिहिलं. मथळा: 'आमच्या आज्यांना वेडं कोणी ठरवलं?' खाली त्या आजीची हकिगत. नाव छापलं नाही, याचा मला अभिमान होता. पण वाडा लिहिला, सुकी मासळी विकते ते लिहिलं, डाव्या डोळ्यात फूल पडलंय तेही लिहिलं. खुणेशिवाय माणूस उभं राहत नाही, हे माझं शिक्षण. ताईला आधी दाखवलं नाही, छापून आल्यावर खूश करायचं होतं. त्या खुणा इथे मी बदलल्या आहेत. तेव्हा सगळ्या खऱ्या होत्या.

ठाण्यात स्टेशनबाहेर आम्ही पत्रकं वाटली. तिसऱ्या दिवशी आजीचा मुलगा ताईच्या टेबलासमोर उभा.

"डाक्तरीनबाय, आमची आई वेडी?"

"नाही हो दादा, उलट ती बरोबर होती असंच लिहिलंय, खाली वाचा ना."

"मथला वाचतात मॅडम. खालचं कोन वाचतो? बाजारात तिला वेडी म्हातारी बोलतात. पोरीचं लगीन जमवतोय, तिकडून फोन आला, घरात वेडाचं हाय काय म्हनून."

त्याने संमती मागे घेतली. आईचीही सही आणली. मग शेजारच्या घराने घेतली, मग गल्लीने. संमती मागे घेतली की त्या माणसाचा कागद वापरता येत नाही. नियम योग्य आहे, असल्या नियमांसाठी मी स्वतः घोषणा दिल्यात. दुसऱ्या फेरीला इतकी कमी माणसं उरली की फेरी झालीच नाही.

ताई माझ्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "ती गोष्ट मी तुला जेवताना सांगितलेली गं."

संशोधन सुटलं. आता ती घोडबंदर रोडच्या एका हॉस्पिटलात हेल्थ चेकअपचे रिपोर्ट बघते.

मी माफी मागायला वाड्यात गेले. मुलगा दारातच म्हणाला, "झालं ना तुमचं छापून? जा आता." मागून आजी आली, मला नीट निरखून म्हणाली, "तू डाक्तरीनीची भन ना? ती का येत नाय? मी कायतरी चुकीचं सांगलं काय गो?"

"नाही आजी. तुम्ही काही चुकला नाहीत."

"मंग?"

मुलगा म्हणाला, "आये, चल आत."

घरी येऊन मी ताईला सगळं सांगितलं. ती पटापट विचारायला लागली. तुला चेहऱ्यावरून ओळखलं की कोणी सांगितलं? चालताना दाराला धरलं का? एकच प्रश्न परत विचारला का? मी आठवून आठवून उत्तरं देत होते. तिने सवयीने पेन उचललं. मग टोपण लावून ठेवून दिलं. लिहायची परवानगी त्या घराने परत घेतली होती.