एकाच वाडीवरचे तीन सर्व्हे

"घरात माणसं सहा, दोघं मुंबईला, गुरं चार. लिही गो बाय," सुनंदाकाकी म्हणाल्या. मी अजून पहिला प्रश्न विचारलाच नव्हता.

पोलादपूरच्या डोंगरातली ही वाडी. माझं काम सर्व्हेचं. पाऊस बदलला, दरडींची भीती वाढली, तर माणसं काय करतात ते घरोघर विचारायचं. आमच्याकडे याला ‘ॲडॅप्टेशन’ म्हणतात. म्हणजे जुळवून घेणं.

"तुम्हाला प्रश्न कसे माहीत?"

"यंदा तू तिसरी. एक जण डोंगराच्या भेगा मोजून गेला. एक डॉक्टरीणबाय म्हाताऱ्यांचे गुडघे बघून गेली. आता वाडीनं ठरवलंय, फारम भरायचा नाय."

काकींनी दोघांचे फोन नंबर दिले. मी आधी पुण्याला बॉसना फोन लावला.

"सर, इथे दोन टीम येऊन गेल्यात."

"त्यांचा प्रोजेक्ट वेगळा, आपला वेगळा. फॉर्म भरून आणा."

"लोक भरणार नाहीत, सर."

"मग त्या दोन्ही टीमशी बोला."

दोघंही मी उतरले होते त्या महाडातच निघाले. भूशास्त्रज्ञ केतन तर माझ्याच लॉजच्या वरच्या मजल्यावर आठवडाभर राहत होता. संध्याकाळी डॉक्टर शमाही आल्या आणि आम्ही चहाला बसलो.

केतन वैतागला होता. "पाऊस वाढला की मी धोक्याचा निरोप देतो, लोक खाली शाळेत येतात. आणि दुपारी परत वर. ऐकतच नाहीत."

मी शेजारच्या वाडीचे भरलेले फॉर्म उघडले. "गुरांना पाणी पाजायला जातात. धार काढायला जातात."

"आणि जातात ते म्हातारे," शमा म्हणाल्या. "निसरड्या वाटेनं त्यांना पटकन उतरता येत नाही."

तिघांकडे एकाच गोष्टीचे तीन तुकडे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही फॉर्म न घेता वर गेलो. केतननं विचारलं, "शाळेजवळ गुरांना शेड केली तर?"

"तर मी कशाला वर जाईन?" काकी म्हणाल्या. "पन हे मागच्या येळेला का नाय इचारलंस?"

"माझ्या फॉर्ममध्ये गुरं नव्हती."

"माझ्या फॉर्ममध्ये होती," मी म्हणाले, "पण भेगा नव्हत्या."

काकी इतक्या हसल्या की शेजारणी बघायला आल्या.

वाडीनं बांबू आणि जुने पत्रे जमवून शेड उभी केली. पावसाळ्यात निरोप गेला तेव्हा माणसं गुरांसकट उतरली आणि तीन दिवस खालीच राहिली. तिसऱ्या दिवशी दरड आली. काकींचा गोठा गेला. आत कुणी नव्हतं.

रिपोर्ट आम्ही एकत्र लिहिला. त्यावर कोणाचं नाव आधी, हे ठरायला शेड बांधण्यापेक्षा जास्त दिवस लागले. आता नव्या गावात गेले की माझा पहिला प्रश्न फॉर्ममध्ये नसतो: आमच्या आधी कोण येऊन गेलं?