शोकसभेतले अलंकार

गुरुवारी सुमती, माझी पत्नी, गेली.

शोकसभेत मी बोललो. तिला चंदन म्हटले, समई म्हटले. बायकांनी डोळे पुसले आणि, सांगायला लाज वाटते, मला बरे वाटले. लोक गेल्यावर मेहुणी सतरंजी गुंडाळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "भावोजी, बोललात सुरेख. पण आमची ताई कुठे होती त्यात? ती कसली समई! भाजीवालीशी कडाकडा भांडायची आणि मग तिलाच चहा पाजायची."

मी कॉलेजात अलंकार शिकवले. सोनाराचा असो की कवीचा, शब्द एकच. 'अलम्' म्हणजे पुरेसे, आणि अलंकार म्हणजे पुरेसे करणे, असे दर वर्षी फळ्यावर लिहायचो. घरी सुमती गाणे शिकवी. तिथेही पहिला धडा अलंकारांचाच: सारेग, रेगम, गमप. त्यांत नटण्यासारखे काही नसते. एकेक सूर सरळ लावायचा असतो. कुणी मध्येच मुरकी घेतली की ती पेटी थांबवून म्हणे, "सूर लागत नाही, तो झाकू नकोस बाई."

मी सभेत तेच केले. सुमतीत भर घालावी असे काही उणे नव्हते. उणा मी पडत होतो, म्हणून तिला सजवले आणि स्वतः उठून दिसलो.

मेहुणी काल गावी गेली. आता घरात मी आहे आणि सुमतीचा तानपुरा आहे. तो मला लावता येत नाही.